सोळावी जागा

सूप गार होत चाललं होतं आणि ओट्टो सात कागद पत्त्यांसारखे पिसत बसला होता.

"मनात एक आकडा धर," तो म्हणाला. "एक ते सोळा."

"चमचा धर हातात," गिझेला म्हणाली. "आधी जेव."

"धरलास?"

तेवीस वर्षांच्या संसारात गिझेलाला एक कळून चुकलं होतं. गणिताच्या मास्तराशी वाद घालण्यापेक्षा आकडा धरणं परवडतं, निदान जेवण तरी लवकर उरकतं. तिने तेरा धरला. त्यांच्या झिर्त्स गावातल्या शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे बारकोख्बा खेळतात: एकाने मनात काहीतरी धरायचं, दुसऱ्याने प्रश्न विचारायचे, उत्तर फक्त हो किंवा नाही. आगगाडीत खेळतात, दवाखान्याच्या बाकावर खेळतात. पण त्या साध्यासुध्या खेळाने ओट्टोचं समाधान व्हायला नको का! यंदा त्याने शाळेतल्या पोरांसाठी नवी टूम काढली होती, खोटं बोलायची सवलत असलेला बारकोख्बा. प्रत्येक कागदावर आठ आकडे होते. तुझा आकडा यात आहे का, एवढंच तो विचारणार, सात वेळा. आणि सातांपैकी एकदा तुम्ही खुशाल खोटं बोला. नाही बोललात तरी चालेल.

गिझेलाने भराभर सात उत्तरं दिली आणि पाचव्याला खोटं बोलली, मुद्दाम, चेहरा दगडासारखा ठेवून.

"तेरा," ओट्टो म्हणाला. "आणि पाचव्या कागदाला थाप मारलीस."

बायकोची थाप नेमकी कितवी, हे सांगणाऱ्या नवऱ्याबरोबर सुखाने कसं नांदायचं, हे कोणत्या गणितात शिकवतात कोण जाणे. तिने त्याच्यापुढची वाटी उचलली आणि पातेल्यात परत ओतली.

"अगं, साधं आहे," तो उत्साहाने सांगत सुटला. "अडाणी माणूस काय करेल? प्रत्येक प्रश्न तीनतीनदा विचारेल. समोरचा माणूस वैतागून उठून जाईल. इथे बघ, आकडे सोळा. प्रत्येक आकड्याच्या आठ तऱ्हा: खोटं अजिबात नाही, किंवा सातांपैकी एका ठिकाणी. सोळा आठे एकशे अठ्ठावीस. आणि सात हो-नाहीच्या जुळण्या किती? बरोब्बर एकशे अठ्ठावीस! एक जागा रिकामी नाही, एक जास्त नाही."

"आणि सूप?"

तेवढ्यात फोन वाजला. फोनवर डॉक्टर होल्लोशी होते. आवाज तरुण, आणि घाबरलेला.

"गिझेलाबाई, राइझ्नर व्हेंडेलची बायको पहाटेपासून उलट्या करतेय. काल रात्री अळंब्या खाल्ल्या. म्हातारा म्हणतो, टोपली तुम्ही तपासलीत. तुमचा शिक्का असलेली चिठ्ठी माझ्या नाकासमोर नाचवतोय."

गिझेला झिर्त्सच्या बाजारातली अळंबी तपासनीस होती. रानातून अळंबी आणणाऱ्याने टोपली आधी तिच्या टेबलावर रिती करायची, तिने एकेक हातात घेऊन बघायची, मग चिठ्ठी लिहून शिक्का मारायचा. बावीस वर्षांत तिच्या चिठ्ठीवर कोणी मेलं नव्हतं. तिने ॲप्रनसकट कोट चढवला. ओट्टो गाडीची किल्ली घेऊन मागोमाग निघाला, आणि त्याच्या कोटाच्या खिशातून ते सात कागद डोकावत होते. ते पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलायला वेळ नव्हता.

कालची टोपली तिला लख्ख आठवत होती: बारा छत्र्या, चार भोकऱ्या, दोन्ही खायच्या जाती, सगळं निर्धोक. टोपली मोठी आणि माल निम्मा, हेही आठवत होतं. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण टेबलाभोवती नेहमीचे आठजण माना उंचावून उभे होते, आणि ते कशासाठी उभे असतात हे तिला ठाऊक होतं. अळंबीच्या देठाला चिकटलेलं पान, खालची माती, एखादी सूचिपर्णाची काडी, एवढ्यावरून दुसऱ्याची जागा हुडकतात मेले. म्हणून जो तो खास जागेचा माल घरीच ठेवतो आणि तपासणीला आणतो तो रस्त्याकडेचा. सगळ्यांना हे माहीत असतं. कोणी कोणाला बोलत नाही.

राइझ्नरांच्या घरी स्वयंपाकघरात व्हेंडेलकाका चिठ्ठी धरून उभे होते, एकाहत्तर वर्षांचा उंच, वाळका माणूस. आतल्या खोलीतून एटेल्काकाकूंच्या ओकाऱ्यांचा आवाज येत होता.

"शिक्का!" काका म्हणाले. "सही! तुझीच ना गं पोरी?"

"माझीच. काका, याखेरीज दुसरं काही शिजवलं होतं?"

"काही नाही."

"नक्की?"

"मेव्हण्याने परवा मुर्ची आणली, पिंपभर. त्यातला लिटरभर प्यायली ती. दरवर्षी ऑक्टोबरात अर्धं गाव मुर्ची पिऊन परसाकडे पळतं, तेव्हा नाही कोणी तपासनीस बोलावत."

डॉक्टर कपाळ चोळत होते. अडचण तीच होती. मुर्चीसारख्या अर्धवट फसफसलेल्या द्राक्षरसाने पोट असंच बिघडतं, आणि मारेकरी अळंबीनेही सुरुवात अशीच होते, खाल्ल्यावर आठदहा तासांनी. जेवण संध्याकाळी सातला, उलट्या पहाटे पाचला.

"वेस्प्रेमहून रुग्णवाहिका दोनपर्यंत येईल," डॉक्टर म्हणाले. "मारेकरी असेल तर थेट बुडापेस्टला न्यायला हवं, आजच, नाहीतर यकृत जातं. नुसती मुर्ची असेल तर वेस्प्रेमला सलाइन लावलं की झालं. पण काकूंचं हृदय कसं आहे तुम्हाला माहीत आहे. उगाच दोन तास हिंदकळत नेलं तर वाटेतच काही होईल. मला नक्की सांगा, काय होतं त्या कढईत?"

"तुम्ही नाही खाल्लंत?" गिझेलाने काकांना विचारलं.

"मी? शी! मी उभ्या जन्मात अळंबी तोंडात घातली नाही. मला वेचायला आवडतं."

तिने कढई उजेडात धरली. कडेला साईत चिकटलेला नखाएवढा तुकडा होता, हिरवट सालीचा. तिने काल तपासलेल्या टोपलीत हिरवं काहीच नव्हतं.

"काका, हे काय?"

व्हेंडेलकाकांनी चिठ्ठी हळूच घडी करून खिशात घातली. "दोनचार पारव्या होत्या. हिरव्या पारव्या. तुला दाखवल्या नाहीत, बस. तुझ्या टेबलाशी तो न्हावी उभा होता, आणि ती टपालातली. त्यांना दाखवू?"

हिरवी पारवी अळंबी चवीला लोण्यासारखी. मारेकरीही हिरवीच, त्याच ओकच्या झाडांखाली उगवणारी. फरक असतो तो मातीत, कारण मारेकरीचा देठ एका पांढऱ्या पिशवीत बसलेला असतो. म्हणून गिझेला गेली बावीस वर्षं घसा कोरडा करून सांगत आली होती, कापू नका, मुळासकट पिरगळून काढा. आणि व्हेंडेलकाका गेली पन्नास वर्षं सुरीने कापत आले होते. देठाचा बुडखा जमिनीत राहतो, त्यावर पानं ओढली की मागून येणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

म्हणजे खरं काय ते अजून तिथेच होतं, मातीत.

"जागा सांगा," ती म्हणाली. "मी जाऊन बुडखे बघते. अर्ध्या तासाचं काम आहे."

"ते नाही जमायचं."

"काका! बाई आत मरतेय!"

"मुर्ची आहे ती. बावन्न वर्षं जातोय त्या जागी, वाईट काही उगवलेलं पाहिलं नाही. बापाने जागा दाखवली तेव्हा शपथ घातली होती, कोणाला सांगायची नाही म्हणून. मी एटेल्कालासुद्धा सांगितलेली नाही."

गिझेलाने विनवलं, दरडावलं, शेवटी हात जोडले. म्हातारा खांबासारखा उभा. मात्र आतून आवाज आला की त्याचा खालचा ओठ थरथरायचा. त्याला सांगायचं होतं आणि सांगायचं नव्हतं. तिला वाटलं, कढईच घालावी याच्या टाळक्यात.

तेव्हा ओट्टो खाकरला. "काका, सांगूच नका. बारकोख्बा खेळू."

"ओट्टो, मी तुझा जीव घेईन," गिझेला म्हणाली.

"सोळा जागा लिहू. तुम्ही मनात एक धरा. मी सात कागद दाखवतो, तुम्ही नुसतं हो-नाही म्हणा. शपथ कुठे मोडते? आणि एकदा खोटं बोलायचा तुम्हाला हक्क."

व्हेंडेलकाकांनी मान वर केली. "हक्क?"

"हक्क. कुठल्या कागदाला ते तुमची मर्जी."

"आणि खोटं बोललो तरी ओळखाल म्हणता? अहो मास्तर, पंचावन्न साली या घराची झडती घ्यायला आलेल्या सरकारी माणसांना मी पाणी पाजलंय."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर रंग चढला. गिझेला बघतच राहिली. तासभर जो माणूस खरं बोलायला तयार नव्हता, त्याला एक खोटं बहाल केल्याबरोबर तो खुर्ची ओढून बसला! यात काहीतरी अक्कल होती, आणि ती ओट्टोची होती, हेच फार झोंबलं.

"गिझी, यादी कर," ओट्टो म्हणाला. "ओकखालच्या सोळा जागा, मारेकरी उगवू शकेल अशा. तुझ्याइतकं रान कोणाला माहीत आहे?"

तिने पेन्सिल घेतली. मठाची पडकी भिंत, तीन बीच झाडांचा झरा, घोडखिंड, जळक्या कुरणाचा उतार. पंधरा नावं भराभर उतरली. सोळाव्या आकड्यापाशी पेन्सिल थांबली.

चुन्याच्या भट्टीमागचे ओक.

ती तिची जागा होती. तिथे तिच्याशिवाय कोणी जात नव्हतं. बावीस वर्षांत तिला तिथे कोणाचं पाऊल दिसलं नव्हतं, कापलेला देठ दिसला नव्हता, साधं सिगारेटचं थोटूक नाही. ओट्टोलाही ठाऊक नव्हती. या म्हाताऱ्याची जागा ती असूच शकत नाही, मग उगाच ती त्याच्या हाती का द्यायची? तिने सोळापुढे लिहिलं, 'रेल्वेचा बांध', आणि कागद सरकवला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

व्हेंडेलकाकांनी चष्मा लावला. बोट एकेका नावावरून सावकाश उतरलं, पुन्हा वर गेलं, पुन्हा उतरलं. मग त्यांनी मोठा सुस्कारा सोडला आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"चला मास्तर. धरली."

पहिला कागद, हो. दुसरा, नाही. तिसऱ्याला काकांनी दाढी खाजवली आणि हो म्हणाले. सातही झाले. ओट्टोने ओठ हलवत हिशेब केला.

"नऊ. तिसऱ्याला खोटं."

"वा!" व्हेंडेलकाकांनी मांडीवर थाप मारली. "वा मास्तर! सैतान आहात!"

नऊ म्हणजे तीन बीच झाडांचा झरा. गिझेला दाराबाहेर धावली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

झऱ्यापाशी काही नव्हतं. तिने गुडघ्यांवर रांगत पाला उपसला. हात चिखलाने भरले, एक बुडखा नाही, एक कापलेला देठ नाही. मागे ओट्टो त्राबांट गाडीच्या टपावर कागद पसरून पुन्हा हिशेब करत होता.

"चूक शक्यच नाही," तो म्हणाला. "तिसरं उलटं केलं की सगळं चोख बसतं."

"तुझं चोख बसतं आणि तिकडे बाई मरते! तो थेरडा दोनदा खोटं बोलला, दहादा बोलला. सगळे खोटारडे आहेत इथे! टोपलीत खोटं, तोंडात खोटं, मी काय करायचं? कोणाकोणाच्या पोटात शिरून बघायचं?" तिचा आवाज चिरकला. रडू येत होतं ते वैतागानेच.

ओट्टो शांतपणे म्हणाला, "दोनदा बोलला असता तर असं हसला नसता. थाप पकडल्यावर खेळणारा हसतो तसा हसला. एक तर तो दोनदा खोटं बोलला, किंवा त्याची जागा यादीतच नव्हती आणि त्याने नुसता खेळ म्हणून एक आकडा धरला. सात उत्तरांतलं एक खोटं मी काढू शकतो गिझी. यादीतलं नाही."

"यादीत सगळ्या आहेत."

"सगळ्या?"

"हो म्हणते ना!"

तो टपावरचे कागद गोळा करू लागला. आणि तेव्हा तिला काकांचा तो सुस्कारा आठवला. आपलं गुपित कागदावर लिहिलेलं दिसलं की माणूस आक्रसतो. काका सैलावले होते. आपली जागा यादीत नाही, या खात्रीने दोनदा बघून सैलावले. तसाच श्वास क्षणभर आधी तिने स्वतः सोडला होता, रेल्वेचा बांध लिहून झाल्यावर.

"गाडी वळव," ती म्हणाली. "चुन्याची भट्टी."

"ती कुठे यादीत..."

"वळव म्हणते ना!"

भट्टीमागच्या ओकांखाली ती आजवर शेकडो वेळा आली होती. परवाच येऊन गेली होती. अळंबी पिरगळून काढायची, खड्डा बुजवायचा, वर पानं ओढायची, ही तिची रीत. आपण पसरलेली पानं तिला जिथल्या तिथे दिसली. त्यांच्यापासून दोन पावलांवर तिने पाला बाजूला केला, तशीच नीट पसरलेली पानं, आणि खाली सुरीने सपाट कापलेले पाच बुडखे. तिने बोटांनी माती उकरली. तीन साधे निघाले, पारवीचे. चौथा पांढऱ्या पिशवीत बसलेला होता. पाचवाही.

बावीस वर्षं दोघं त्याच झाडांखाली येत होते, आणि दोघांनी आपापल्या खुणा इतक्या निगुतीने मिटवल्या होत्या की एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. आपणही इथलीच हिरवी पारवी नेतो, ओट्टोला खाऊ घालतो. आपली टोपली कोण तपासतं? तिने दोन्ही पिशव्या रुमालात गुंडाळल्या आणि धावत सुटली.

रुग्णवाहिका दारात उभी होती, इंजिन चालू, तोंड वेस्प्रेमकडे. गिझेलाने रुमाल उघडला. डॉक्टर होल्लोशींनी एकदाच पाहिलं आणि बुडापेस्टला फोन लावायला आत पळाले. व्हेंडेलकाका स्ट्रेचरशेजारी उभे होते. त्यांनीही रुमालात पाहिलं. मग बायकोचा हात पकडून ते गाडीत चढले, आणि चालकाने कितीही सांगितलं तरी उतरले नाहीत. रुमालातलं कुठून आणलं, हे त्यांनी विचारलं नाही.

एटेल्काकाकू वाचल्या. बारा दिवसांनी घरी आल्या, हळदीसारख्या पिवळ्या आणि निम्म्या झालेल्या.

पुढच्या मंगळवारी व्हेंडेलकाका बाजारात आले. टोपली काठोकाठ भरलेली, प्रत्येक अळंबी मुळासकट, मातीसकट, पानंसुद्धा चिकटलेली. त्यांनी ती टेबलावर उपडी केली. आठहीजण माना उंचावून पुढे सरकले, न्हावी सगळ्यात पुढे. काकांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"काकू कशा आहेत?" गिझेलाने विचारलं.

"बऱ्या आहेत. ताट पुढे ठेवलं की विचारते, यात काय आहे? मी सांगतो. पुन्हा विचारते. मग तिसऱ्यांदा विचारते. प्रत्येक घासाला तीनतीनदा." काका कसनुसं हसले. "मी तिन्ही वेळा सांगतो."

गिझेला एकेक अळंबी उलटून बघत राहिली. काका टेबलावर वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, तुझ्यावर राग नाही माझा. पण त्या दिवशी तुझी यादी मी दोनदा वाचली. माझी जागा असती ना, तर मी ओरडून सांगितलं असतं. मनाशी म्हटलं, गिझीला रानातली प्रत्येक वाईट जागा ठाऊक आहे. तिने नाही लिहिली म्हणजे ती चांगली. म्हणजे मुर्चीच आहे. म्हणून खेळलो."

तिच्या हातातली अळंबी हातातच राहिली. लाज वाटली, आणि ती लपवायला जागाही नव्हती.

टेबलामागे भिंतीवर फळा होता. विषारी अळंबी सापडली की कुठे सापडली ते त्यावर लिहिणं तिचं कामच होतं. त्यावर दोन आठवडे तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'मारेकरी. झिर्त्सच्या परिसरात. सावध राहा.' ती उठली, बाहीने तो मजकूर पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मारेकरी. चुन्याच्या भट्टीमागे, ओकखाली.'

"गिझी!" व्हेंडेलकाका कळवळून म्हणाले. "अगं, आता सगळे जातील तिथे!"

"जाऊ देत. डोळे उघडे ठेवून जातील."

तिने काकांची चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला आणि बोटांवरचा खडू ॲप्रनला पुसला. पुढचा नंबर न्हाव्याचा होता. त्याने टोपली ठेवली, मोठी टोपली, तळाशी सात भोकऱ्या. गिझेलाने तिला हात लावला नाही.

"हे निम्मं झालं," ती म्हणाली. "घरी ठेवलंय ते घेऊन या."